‘मेडशी ऊन’ नावाची फिल्म

फोटोच्या धंद्यात इंद्रभानचा हात धरणारा अख्ख्या मालेगाव तालुक्यात कोणी नाही. असं इंद्रभान स्वतःच सांगतो, आणि ते खरंही आहे; कारण तो धंदा मोबाइलनं कधीच गिळला, आणि जो धंदाच उरला नाही त्यात हात धरायला येणार कोण? मेडशीच्या बसस्टँडसमोर त्याचा स्टुडिओ होता. तिथं आता सोयाबीनची पोती असतात. मागच्या पडद्यावरचा काश्मीरचा धबधबा तेवढा रोज पोत्यांवर पडत राहतो.

इंद्रभानचं दुसरं कसब म्हणजे वस्तूंना नावं देणं. स्टुडिओ ‘न्यू इंटरनॅशनल’ होता (जुना कुठं होता, हे कोणी विचारलं नाही). स्वतःच्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा त्यानं जऊळक्याच्या मंजूची एका झटक्यात गोजरा केली. गोजरा हे त्याच्या आवडत्या म्हशीचं नाव होतं, असं त्याचे मित्र सांगतात. तो नाही म्हणत नाही.

तर ऐन मे महिन्यात पुण्याचा एक तरुण मेडशीला लग्नाला आला. ऋषिकेश नाव. गळ्यात कॅमेरा, आणि कॅमेरा पाहून इंद्रभान ओट्यावरून उठूनच उभा राहिला. तसला कॅमेरा त्यानं स्वतः कधीचाच विकून टाकला होता.

“काका, फिल्म मिळेल का? रोल?”

“फिल्म? बाप्पा, ते बनवणारे तरी जिते हाईत काय?”

“मूठभर कारखाने आहेत अजून. पण ब्रँड बघाल तर चिकार!” ऋषिकेश ओट्यावर टेकला आणि रंगात आला. कोणी सिनेमाची फिल्म आणतो, तिचे तुकडे पाडून आपल्या नावानं विकतो. कोणी विमानातून जमिनीचे फोटो घ्यायची फिल्म आणतो, कोणी रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांची. “नाव नवं, वेष्टन नवं, आत तीच. साठा संपला की गायब. मग लोक शेवटचा रोल फ्रीजमध्ये जपून ठेवतात. वापरतसुद्धा नाहीत.”

“मंग घेतात कायले?”

“असावा म्हणून.”

“म्हंजे नवरी एक, मांडव पन्नास,” इंद्रभान म्हणाला, “अन् शेवटी नवरी फ्रीजात!”

हसून झालं, पण डोक्यात किडा वळवळला. पलंगाखाली एक पत्र्याचा गोल डबा पडून होता. वाशीमच्या जमशेदभाई भंगारवाल्यानं कधीतरी दिलेला. त्यानं जमशेदला फोन लावला.

“जमशेदभाई, तुमी देल्ता तो डबा कायचा होता?”

“हापिसातल्या कागदाचे बारीक फोटो काढायची फिल्म हाय ना मियां. एकदम धीमी. माणसाचा फोटो काढशील त सातबाऱ्यावानी दिसन!”

धीमी म्हणजे उजेड भरपूर पाहिजे. आणि मेडशीत मे महिन्यात दुसरं असतं काय? इंद्रभाननं तिथल्या तिथं बारसं केलं: ‘मेडशी ऊन – फक्त कडक उन्हासाठी.’ झेरॉक्सवाल्याकडून पिवळ्या कागदावर लेबलं छापून आणली. ऋषिकेश तर नाव ऐकूनच खूश. लग्नाहून परत जाताना घेऊन जातो म्हणाला.

आता रोल भरायला रिकामी रिळं होती, पण वर काळ्या प्लॅस्टिकच्या डब्या नव्हत्या. होत्या त्या सगळ्या गोजराबाईच्या स्वयंपाकघरात, फळीवर. हिंग, ओवा, जायफळ, मंजन, सगळा संसार तिनं फिल्मच्या डब्यांत मांडलेला.

“एकबी डबी भेटणार नाई,” गोजराबाईनं आधीच सांगितलं. “अन् त्या कोपऱ्यातल्या डबीले त हातच लावू नका. वाळकाचं बी हाय तिच्यात. माह्या मायच्या हातचं. मागच्या साली रोह्यानं, त्या मुडद्या नीलगायीनं, समदे वेल खाल्ले, एवढंच राह्यलं. मिरगाले पेरतो.”

“बरं, बरं,” इंद्रभान म्हणाला. (‘बरं, बरं’ म्हणजे ऐकलं नाही, हे लग्न झालेल्या कोणालाही सांगायला नको.)

दुसऱ्या दिवशी ती शेतात गेली आणि याची धाड फळीवर पडली. हिंगाची पुडी बांधली, ओव्याची बांधली, मंजनाची बांधली. एका डबीचं झाकण काही निघेना. दातानं काढू म्हणून तोंडाशी नेली, तेव्हा आठवलं की दात खिडकीतल्या वाटीत आहेत. मग तीही तशीच बाकीच्यांत ठेवली. सगळ्यांवर पिवळी लेबलं डकवली.

आता अंधार हवा. खिडकीला पोतं लावलं, दाराच्या फटीत लुगडं कोंबलं, तरी उजेड येतच होता. शेवटी इंद्रभान पलंगावर आडवा झाला आणि दोन गोधड्या अन् वरून घोंगडं घेऊन आत शिरला. भर दुपारी, मे महिन्यात. अंधारात एकच हिशोब: उघडी डबी रिकामी, बंद डबी भरलेली. घामानं हात निसटत होते, कात्री चाचपडावी लागत होती आणि अख्खा पलंग गदगदत होता.

तेवढ्यात शेजारची रुखमाबाई ताक मागायला आली.

“अवं माय! बुढा हिवतापानं कापून राह्यला!” म्हणत तिनं घोंगड्याला हात घातला.

“उजेड नको दाखवू! जळून जाईन समदं!” आतून आवाज आला.

रुखमाबाई ताकाचं भांडं टाकून पळाली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, इंद्रभानच्या अंगात आलं. दोघी जणी तर नारळ घेऊन विचारायला आल्या, पोट्ट्याचं लगीन कधी जमते म्हणून. त्यानंही डोळे फिरवून सांगितलं, “कडक उन्हात.”

ऋषिकेश डब्या घेऊन गेला. रात्री वरणाला मंजनाचा वास आला, आणि गोजराबाई काय बोलली ते इथं छापण्यासारखं नाही.

पण खरा घोळ मिरगाला कळला. पाऊस पडला, जमीन वाफशावर आली, आणि गोजराबाईनं फळी वरपासून खालपर्यंत धुंडाळली.

“अवो, माह्या बियाची डबी?”

इंद्रभानला आता आठवलं. ती न निघणारी डबी! अंधारात हाताला बंद लागली, म्हणजे भरलेली समजून त्यानं बाजूला केली होती.

“पुण्याले गेली,” तो म्हणाला.

गोजराबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चुलीसमोर जाऊन बसली. “मायचं आता तेवढंच होतं माह्यापाशी,” एवढंच म्हणाली. इंद्रभाननं जन्मभर सगळ्यांच्या खोड्या काढल्या; पण त्या दिवशी त्याला त्याच्याच घरात कुठं बसावं ते कळेना.

त्यानं ऋषिकेशला फोन लावला.

“काका! मेडशी ऊन अफाट आहे!” पलीकडून आनंदाचा धबधबा. “माणसं काळी कुळकुळीत, आभाळ पांढरंफेक, मधलं काहीच नाही! सगळे विचारतायत!”

(असे फोटो दिले असते, तर पूर्वी गिऱ्हाईकानं तेच तोंडावर फेकले असते.)

“ते राहू दे रे बाप्पा. एखादी डबी खुळखुळत होती काय?”

“खुळखुळ... हो, एक हलकी होती. ती हैदराबादच्या फरहीनला दिली. तिला शेवटचा रोल हवा होता.”

“उघडली तिनं?”

“काका,” ऋषिकेश दुखावल्यासारखा म्हणाला, “शेवटचा रोल कोणी उघडतं का?”

इंद्रभान जन्मात पहिल्यांदा देवाच्या नाही, फ्रीजच्या पाया पडला. डबी परत धाडायला सांगितली, आणि पार्सल येईपर्यंत तो रोज बसस्टँडवर जाऊन बसायचा. शेजारच्या शेतांत सोयाबीन वर आलं. गोजराबाई धुऱ्याकडं, शेताच्या रिकाम्या बांधाकडं, पाहायची आणि मान फिरवायची.

एकदाची डबी आली. तीच काळी डबी, पण पिवळं लेबल गायब. वर चकचकीत सोनेरी कागद: ‘दख्खन नूर. मोजकेच रोल.’

गोजराबाईनं झाकणाला सुरी लावली, तसा इंद्रभान सवयीनं किंचाळला, “अवं, अंधारात उघड!”

तिनं भर उन्हात उघडली. पांढुरकं, चपटं बी तळहातावर पडलं. तिनं ते ओल्या फडक्यात बांधून ठेवलं, दिवसातून दहादा उकलून पाहिलं. आणि एका सकाळी बियांना पांढरे कोंब दिसले. त्या दिवशी चहात साखर होती.

धुऱ्यावर ती बी टोकत होती आणि इंद्रभान मागून तांब्यानं पाणी घालत होता. जिवावरचं टळलं, तशी त्याला वाचा फुटली. खिशातून तो सोनेरी कागद काढून तो म्हणाला, “पाह्यलं काय? मेडशी ऊन नाव म्या ठेवलं, अन् या लोकायनं मले न इचारता बदलून टाकलं! दख्खन नूर म्हणे! अवं, नाव बदललं म्हंजे माल बदलते काय?”

गोजराबाईनं वाकल्या वाकल्याच पाहिलं.

“नाव बदलून माल बदलत असता ना,” ती म्हणाली, “त त्या दिवशी तांदळाचं ताट म्या माह्याकडं ओढलं असतं, अन् तुमचंच बदललं असतं.”