कुसुमबाईंचा पाळणा आणि फुगलेला कंडेन्सर

रेडिओ दुरुस्त करायला मेकॅनिक लागत नाही, डोकं लागतं, असं दयाराम मेश्रामांनी बायकोला, कुसुमबाईंना, ठणकावून सांगितलं आणि घरच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची पाठ उघडली.

दयाराम जबलपूरला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. रेडिओबद्दलचं एक पुस्तक त्यांनी कुणाकडून तरी आणून वाचलं होतं, आणि तेव्हापासून मदन महलच्या क्वार्टरांत त्यांच्यासमोर कोणी रेडिओचं नाव काढत नसे. पण आता गरजच तशी पडली होती. कुसुमबाईंचा पाळणा आकाशवाणीवर रेकॉर्ड झाला होता आणि रविवारी दुपारी लोकगीतांत एकदाच लागणार होता. नेमका तेव्हाच रेडिओ घूं घूं करायला लागला, माठात भुंगा अडकल्यासारखा.

दयारामांनी निदान केलं: कंडेन्सर गेला. पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणत. कागदाचे आणि अभ्रकाचे कंडेन्सर छोट्या कामांना, पण विजेची घरघर गिळायला ॲल्युमिनियमच्या डबीतला मोठाच लागतो, आणि त्याचं प्लस-मायनस चुकलं तर तो फुटतो, हे त्यांनी बायकोला आणि मुलीला, लताला, जेवताना दोनदा ऐकवलं. बाजारात दुकानदाराने विचारलं, अडीचशे व्होल्टचा देऊ की साडेचारशेचा? साडेचारशेचा चांगला जाडजूड होता. अडीचशेचा सुटसुटीत, जागेवर नीट बसणारा. जाड माल जुन्या पद्धतीचा असणार, असं ठरवून दयारामांनी सुटसुटीत घेतला. प्लस-मायनस मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं. सेट लावला, आवाज स्वच्छ आला, लगेच बंदही केला.

रविवारी घर भरून गेलं. कुसुमबाईंची मोठी बहीण लीलाबाई तिलवाऱ्याहून आली होती. बातम्या सुरू असतानाच दयारामांनी सेट लावून ठेवला, म्हणजे लोकांना आवाजाचा दर्जा कळावा. सगळे माना डोलवत होते.

लता हळूच जवळ आली. "बाबा, काही जळून राहिलं का?"

दयारामांनी पाठीमागून डोकावून पाहिलं. डबीचं डोकं पुरीसारखं टम्म फुगलं होतं. बोट लावलं तर चटका बसला. साडेचारशे व्होल्ट सोसणारा आणि अडीचशेवरच दम तोडणारा यांतला फरक त्यांना तिथे, त्या क्षणी कळला.

बंद करावं तर गाणं जाणार. चालू ठेवावं तर... त्यांनी सेट बंद केला.

"काहून बंद केला जी?" लीलाबाईंनी विचारलं.

सेटला थोडा आराम लागतो, असं दयाराम म्हणाले. मग पाठीमागे बसून ते पुठ्ठ्याने वारा घालू लागले, आजारी माणसाला घालावा तसा. कुसुमबाई नवऱ्याकडे बघत होत्या. बातम्यांपासून बोटाला गुंडाळत असलेलं पदराचं टोक त्यांनी सोडलं होतं.

घड्याळाचा काटा पुढे सरकला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो म्हणून थोडं आधीच दयारामांनी छातीवर दगड ठेवून बटण फिरवलं. खोलीत कोणी हलेना. हळूहळू आवाज उमटला. निवेदिकेने नाव घेतलं, कुसुमबाई मेश्राम, आणि लीलाबाईंचे डोळे भरून आले.

"निज माझ्या सोन्या, वारा थांबला दारात..."

दयारामांची नजर डबीवरून हटत नव्हती. डबी अजून फुगली. दुसरी ओळ सुरू झाली. फक्त दोन मिनिटं तग धर, असं ते तिला मनातल्या मनात विनवत होते.

तिने तग धरला नाही. धाडकन आवाज झाला, पाठीमागून पांढरा धूर उसळला आणि चकचकीत पत्र्याच्या चिंध्या चिवड्याच्या बशांत येऊन पडल्या. दयारामांनी प्लग ओढला. लीलाबाई खाटेखाली गेल्या होत्या.

गाणं तिकडे हवेत चालू होतं आणि इथे कोणालाच ऐकू येत नव्हतं. दयाराम भुवईवर काजळी घेऊन उभे होते. "कुसुम, मी..." एवढंच त्यांना जमलं.

कुसुमबाई कधी चार लोकांत गायल्या नव्हत्या. स्टुडिओत समोर फक्त माईक होता. त्यांनी लीलाबाईंना हात देऊन खाटेखालून बाहेर काढलं, सगळ्यांना बसायला सांगितलं, भिंतीकडे तोंड केलं आणि गाणं तुटलं होतं तिथून उचललं. आधी आवाज कापत होता. मग कापेनासा झाला. शेवटच्या ओळीला लता रडत होती, आणि दयाराम मान खाली घालून ऐकत होते.

गाणं संपतं न संपतं तोच दार ढकलून पटेरियाजी आत आले. पलीकडच्या क्वार्टरात राहणारे. धमाका होऊन गेल्यावर उशिरा पोचले म्हणून खिडकीबाहेरच उभे राहून ऐकत होते.

"मेश्रामजी, क्या रिपेयर किया है! एकदम ऐसा लगा कि दीदी सामने बैठ के गा रही हैं। मेरा सेट भी देख लेंगे? कल ले आऊँ?"

दयारामांनी घसा खाकरला. उत्तर कुसुमबाईंनी दिलं.

"ले आइए भैया. बस, गानेवाली साथ में लाइएगा."