आप्पांची दुपारची गस्त

गेनू आप्पा स्वतःच्या घरात शिरण्याआधी बाहेर उभं राहून खाकरत. मग कडी खडखडवत आणि मोठ्यानं सांगत, "मी आलोय. आत कुणी आसंल तर त्यानं मागल्या दारानं जावं." त्याला जायला वेळ मिळावा म्हणून ते थोडं ओट्यावर टेकत, आणि मगच कुलूप काढत. चोराला कोंडलं की तो अंगावर येतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

कारेगावात कंपन्या आल्यावर आप्पांनी आपल्या रानात पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. त्यातल्या एकीत मी राहायचो. रात्रपाळी करायचो आणि दिवसा झोपायचो. त्यांची बायको, आमची काकू, वारल्यापासून आप्पा कोपऱ्यातल्या खोलीत एकटेच असत.

एका उन्हाळ्यात गावात भरदुपारी चोऱ्या सुरू झाल्या. माणसं कामाला गेली की कुलपं तुटायची. एका घरात तर म्हातारी होती. तिच्या कानातली फुलं ओरबाडली, कानाच्या पाळ्या फाटल्या. तेव्हापासून बायका पाण्यालाही एकट्या जाईनात. शेजारच्या शालनवहिनी दाराला आतून पाटा लावून बसायच्या. उन्हानं पत्रा कडकन वाजला तरी माझी झोप उडायची ती उडायचीच.

अशात आप्पांनी, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत भित्र्या माणसानं, गस्त काढली. रात्रपाळीवाले आणि घरातल्या बायका, दोघादोघांनी दुपारी फिरायचं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. सूचना एकच, "अंग राखून." चालताना ताट वाजवायचं, वळण आलं की थांबून खोकायचं. एवढं करून चोर समोर आलाच तर काय, असं मी विचारलं. बराच विचार करून आप्पा म्हणाले, "तवा आपुन त्याला दिसायचं न्हाई." पहिल्या दिवशी माझ्याबरोबर फिरताना त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की बोटांचे वळ उठले.

पण लोकांना धीर आला. रोज दुपारी आप्पांच्या ओट्यावर माणसं जमू लागली.

आणि एके दिवशी शालनवहिनींची शिट्टी वाजली. वाजतच राहिली. मी अंथरुणातून उठून तसाच धावलो. एक अनोळखी माणूस बंद खोल्यांची दारं ढकलून बघत होता, असं वहिनींचं म्हणणं. बघता बघता गर्दी झाली. माणूस भिंतीला टेकला होता आणि हात जोडून हिंदीत काहीतरी सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं. एकाच्या हातात लोखंडी गज होता. मला त्या माणसाची भीती वाटत नव्हती, आता गर्दीची वाटत होती. आणि तरी मी गर्दीतच उभा होतो.

आप्पा कुठून घुसले कळलं नाही. त्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं, ओढत आपल्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली.

बाहेर आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी पत्र्यावर दगड मारला. आतून आप्पांचा आवाज आला, कापत होता.

"पोलीस आल्याबिगर दार उघडायचो न्हाई. मला लई भ्याव वाटतंय, तवा दगूड मारू नका."

मग दगड आले नाहीत. शिरूरहून पोलीस येईपर्यंत सगळे उन्हात उभे राहिले. चौकशीत निघालं ते एवढंच, की त्याचा भाऊ मागच्या आळीत राहत होता, कंपनीत लागला होता. नवखा माणूस, आळी चुकला, दारं ढकलून भावाला शोधत होता. भाऊ कामावरून धावत आला आणि त्याला घेऊन गेला. गज कुठं टाकला गेला, कुणी पाहिलं नाही. माणसं एकमेकांकडे न बघता घरी गेली.

संध्याकाळी मी आप्पांकडे गेलो. एकट्यानं त्याच्याबरोबर कोंडून घेताना काय वाटलं, असं विचारलं.

"काय वाटायचं? त्यो तुमाला भ्याला, मी त्याला. दोघं दोन भित्तीला. म्हनलं च्या करावा. पर माजा हात ऱ्हाईना. भांडं वाजाया लागलं. तवा त्यो उठला, माज्या हातातनं भांडं घेतलं आन् त्यानंच च्या केला."

आप्पा चुलीकडं बघत होते.

"तुजी काकू गेल्यापास्नं," ते म्हणाले, "ह्या घरात मला कुनी च्या करून दिला नव्हता."