दुसऱ्या दर्जाची घरफोडी

घरफोडीचा कायदा अख्ख्या केंटकी राज्यात आपल्याइतका कुणाला कळत नाही, असं हर्शेल नेपियरचं ठाम मत होतं. वकील नव्हे हं! जन्मभर त्याने शाळेची बस चालवली. पण एकदा घरफोडीच्या खटल्यात त्याला ज्यूरीत बसवलं होतं, आणि तेव्हापासून खानावळीत समोर सापडेल त्याला तो कायदा शिकवायचा.

"नुसतं शिरणं म्हणजे घरफोडी नव्हे, बाबा! शिरताना मनात गुन्हा हवा. दुकान, गोदाम फोडलंत तर तिसरा दर्जा. माणसं राहतात ते घर फोडलंत की दुसरा, पाच ते दहा वर्षं! आणि हातातली वस्तू कुणावर हत्यारासारखी उगारलीत, की पहिला. मग वीस वर्षंसुद्धा बसाल आत!"

"आणि मनात गुन्हा नसला तर?"

"मग नुसती घुसखोरी. किरकोळ!"

त्यामुळे त्या बुधवारी भर दुपारी बायकोच्या घरात खिडकीतून शिरताना हर्शेलला काडीचीही भीती वाटली नाही. आपण काही न्यायला थोडेच आलोय? ठेवायला आलोय!

ठेवायचा होता तवा. त्याची बायको आर्डिथ दोन वर्षांपूर्वी वेगळी राहायला गेली, ती या तव्यापायीच. तिच्या आजीचा बिडाचा खोलगट तवा होता तो. त्यात आर्डिथ मक्याचा पाव भाजायची, तेव्हा वासाने रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा अंगणात येऊन बसायचं. एक दिवस तो तवा दिसेना. "तुझ्या बहिणीनं नेला!" हर्शेल म्हणाला. "त्या ओपलचा डोळा होताच त्याच्यावर!"

"माझी बहीण चोर? तूच टाकला असशील कुठंतरी! गोठ्यात नाहीतर खुराड्यात!"

शब्दाने शब्द वाढला. हर्शेल माघार घेईना, आर्डिथ माफी मिळाल्याशिवाय जेवेना. शेवटी तिने गावात एक लहानसं घर भाड्याने घेतलं आणि हर्शेल रोज डबाबंद बीन्स खाऊ लागला.

आणि गेल्या आठवड्यात खुराडं साफ करताना त्याला तवा सापडला. गंजलेला, कोंबड्यांच्या दाण्यांनी माखलेला. दाणे घालायला आपणच कधीतरी नेला असणार! हर्शेल पालथ्या बादलीवर बसला तो कितीतरी वेळ उठलाच नाही.

आता सरळ जाऊन "माझं चुकलं" म्हणावं की नाही? पण हर्शेल नेपियरच्या घराण्यात ते वाक्य कुणी उच्चारल्याची नोंद नव्हती! त्याने तवा घासला, चरबी चोळून चोळून तापवला, नव्या बुटासारखा चमकवला. आणि बेत आखला. बुधवारी आर्डिथ चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते. तेवढ्यात तवा तिच्या ओव्हनखालच्या खणात मागे सरकवायचा. कधीतरी तिला तो दिसेल. "अगबाई, सामानातून इथंच आला होता की!" म्हणेल, आणि तीच फोन करून माफी मागेल! बेताला कुठे म्हणजे कुठे भोक नव्हतं.

भोक होतं फक्त खिडकीचं, आणि तेही हर्शेलच्या पोटापेक्षा लहान.

स्वयंपाकघरात भांड्यांच्या मोरीवर असलेली खिडकी त्याने वर सरकवली आणि तवा पुढे धरून डोकं आत घातलं. खांदे गेले. पोट अर्धं गेलं आणि तिथेच थांबलं. त्याने पाय झाडले, तशी वरची खिडकी धाडकन खाली आली आणि कमरेवर बसली! शर्टाचा खिसा मोरीच्या नळाच्या दांड्याला अडकला. तो सोडवायला हिसका दिला, तर नळ सुरू झाला! थंडगार पाणी थेट शर्टात, तोंडावर, कानांमागे!

शेजारच्या बाई कुंपणाजवळ आल्या, काचेतून डोकावल्या आणि किंचाळल्या. "काही नाही, काही नाही! जा तुम्ही!" असं सांगत हर्शेलने हात हलवला. त्या हातात तवा होता हे तो विसरला.

थोड्याच वेळात शेरीफची गाडी अंगणात थांबली. उतरली पोलिसी गणवेशातली लेसी कोम्ब्स. लहानपणी ही लेसी त्याच्याच बसमधून शाळेत जायची.

"हर्शेलकाका? तुमचेच बूट ना हे?"

"लेसी! पोरी, आधी नळ बंद कर!"

"थांबा, आधी हातातलं खाली ठेवा. त्या बाई म्हणतात तुम्ही त्यांच्यावर तवा उगारला."

"उगारला नाही गं! हलवला!"

"मोठा प्रश्न आहे, काका. राहतं घर. बिनपरवानगी शिरलात."

"अर्धाच शिरलोय!"

"अर्धं शिरणंही शिरणंच. दुसरा दर्जा तर इथंच झाला. वर तवा उगारला म्हटलं तर पहिला."

"पण मनात गुन्हा हवा ना! माझ्या मनात काही नव्हतं!"

"मग काय होतं मनात? तेवढं सांगा, म्हणजे नुसती घुसखोरी लावते."

हर्शेलने तोंड उघडलं. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. शेजारणीने चर्चमध्येही फोन केला होता! हातात शिवणाची पिशवी घेतलेली आर्डिथ स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने पुढे होऊन नळ बंद केला. मग वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"हर्शेल? काय करतोयस तू माझ्या मोरीत?"

लेसी खिडकीबाहेरून म्हणाली, "तेच विचारतेय मी, काकू. हेतू सांगितला तर सुटतील. नाहीतर दुसरा दर्जा."

हर्शेलने विचार केला. अगदी मनापासून केला. पाच ते दहा वर्षं. चांगलं वागलं तर लवकरही सोडतात. तुरुंगात बीन्सच मिळत असतील, त्याची सवय होतीच. एकीकडे तुरुंग, दुसरीकडे ते वाक्य!

आर्डिथने ओट्यावरचा फडका घेतला आणि त्याच्या कानामागचं पाणी टिपलं. लग्न झाल्यापासून ती असंच टिपायची, तो पावसात बस धुऊन आला की.

"माझं चुकलं," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक की लेसीला वाटलं नळच ठिबकतोय. "तवा मीच हरवला होता. खुराड्यात सापडला. गुपचूप ठेवून जाणार होतो. ओपलनं नव्हता नेला. मी तिला चोर म्हणालो, तुला खोटी म्हणालो. चुकलं माझं, आर्डिथ."

आर्डिथने तवा उचलला, उलटा केला, दांड्यावरून बोट फिरवलं. आणि तिचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला.

"हा माझा नव्हे."

"काय?"

तिने ओव्हनखालचा खण ओढला. आत तिच्या आजीचा तवा होता, दांड्यावरच्या जुन्या टवक्यासकट!

"ईस्टरला ओपलनं आणून दिला," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "न विचारता नेला होता. नंतर भांडण झालं, मग परत द्यायची तिला लाज वाटली. हा तुझ्या आईचा असेल. मी दोनदा आले होते सांगायला. तुझ्या फाटकापर्यंत. गाडीतून उतरवेना."

म्हणजे हर्शेल बरोबर होता! पहिल्या दिवसापासून! "मी म्हणत नव्हतो?" हे वाक्य दोन वर्षं तो आरशासमोर घोळवत होता. आता ते जिभेच्या अगदी टोकावर आलं. त्याने आर्डिथकडे पाहिलं. ती अजून जमिनीकडेच बघत होती.

"आर्डिथ," तो म्हणाला, "ती खिडकी जरा उचलतेस का? पोटात फार रुततेय."

लेसीने बाहेरून पाय धरले, आर्डिथने खिडकी उचलली आणि हर्शेल भिजक्या पोत्यासारखा मोरीतून फरशीवर आला.

"काकू, तक्रार करायचीय?" लेसीने विचारलं.

"कसली तक्रार? माझ्याच घरी आलाय तो. वेळेवर आला नाही एवढंच. अंग पूस रे आधी! पाव टाकते."

"माझ्या आईच्या तव्यात टाक. आठवडाभर घासलाय मी!"

"तो? त्यात कोंबड्या जेवल्यात! माझ्याच तव्यात होणार."

"अगं पण माझ्या आईचा तवा जास्त जुना आहे!"

"जुना? तुझ्या आईला धड पाव तरी येत होता का?"

लेसी गाडीत जाऊन बसली, तेव्हा वायरलेसवरून विचारणा झाली, घरफोडीचं काय झालं? कुठला दर्जा लावू?

उघड्या खिडकीतून दोघांचे चढलेले आवाज आणि तापलेल्या चरबीचा वास येत होता. लेसीने क्षणभर ऐकलं.

"कुठलाच नाही," ती म्हणाली. "नवरा-बायको आहेत. भांडतायत."