शेवटच्या वडीखालचा पुरावा

खेळ विकत आणला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. दुकानात तयार खोकी मिळतात. खून, संशयित, पुरावे, सगळं आत. घरी न्यायचं, मित्रांना बोलवायचं आणि खुनी शोधायचा. अमेरिकेच्या उत्तरेला, आमच्या मिनेसोटात तळं एकदा गोठलं की माणसं दुसरं करणार तरी काय? पण मी मार्लिसला म्हटलं, "विकत कशाला आणायचा? घरच्या घरी करू की खून." (मार्लिस म्हणजे माझी बायको. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बायकोने असं पाहिलं की शहाण्या माणसाने थांबावं. मी थांबलो नाही.)

खरं कारण होतं समोरच्या घरातला ऑरिन. आमची दोस्ती इतकी जुनी की आम्हाला एकमेकांशी बोलावंच लागत नाही. त्याची बायको आयरीन वसंतात गेली. तेव्हापासून तो गप्पच होता. मध्यंतरी कुंपणापाशी भेटला तेव्हा म्हणाला, "मुलगी म्हणते, इकडे ॲरिझोनात येऊन राहा. बघू." आमच्याकडे 'नाही' म्हणायचं असलं तरी माणूस 'बघू' म्हणतो आणि 'हो' म्हणायचं असलं तरी 'बघू'च म्हणतो. फरक असतो आवाजात. मला तो 'हो'चा वाटला.

मग पुरावेच पुरावे सापडायला लागले. (वर्षापूर्वी निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर खिडकीतच बसलेला असतो, त्यामुळे माझ्या नजरेतून काही सुटत नाही.) त्याच्या गॅरेजमध्ये खोकी रचलेली दिसली. नंतर एक दिवस आपलं बर्फ उडवायचं मशिन तो आमच्या दारात आणून ठेवून गेला. म्हणे, "राहू दे तुझ्याकडेच." आता ज्याला बर्फात राहायचंय तो माणूस आपलं मशिन दुसऱ्याला देईल का? मी निष्कर्ष काढला. ऑरिन चालला.

"मग सरळ जाऊन सांग ना त्याला, जाऊ नकोस म्हणून," मार्लिस म्हणाली.

"काहीतरीच काय! असं कोणी तोंडावर सांगतं का?"

"मग काय करणार आहेस, लेलंड?"

"खून," मी म्हटलं.

बेत साधा होता. ऑरिन शाळेत विज्ञान शिकवायचा, डोक्याने तल्लख. त्याला गुप्तहेर करायचं. त्याने खुनी पकडला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आपल्यावाचून इथे अडतं, असं त्याला वाटलं पाहिजे. तसं वाटलं तर राहील. आणि मला तो राहायला हवा होता, यात लपवण्यासारखं काही नाही. तो गेला असता तर समोरच्या घराच्या खिडक्या काळ्या पडल्या असत्या, आणि माझ्या खिडकीतून बघण्यासारखं काही उरलं नसतं.

गोष्ट मीच रचली. एका श्रीमंत मामाचा खून होतो. संशयित चौघे: मामाचा नोकर, म्हणजे मी, स्वयंपाकीण मार्लिस, आणि पलीकडच्या गल्लीतले आमचे मित्र गॉर्डी आणि डार्लीन हे भाचा आणि भाचेसून. खुनी नोकर. झटापटीत त्याच्या कोटाचं बटण तुटतं, तोच पुरावा. मी माझ्या तपकिरी कोटाचं बटण कापलं आणि मार्लिसने केलेल्या लिंबाच्या वड्यांतल्या एकीच्या कोपऱ्याखाली दडवलं. बाकीच्या वड्या संपतील, सगळ्यांच्या तळाशी ठेवलेली ही शेवटची ऑरिन उचलेल, कारण गोडावर त्याचा जीव, आणि खाली बटण. या योजनेवर मी इतका खूश होतो की दोन रात्री मला नीट झोप लागली नाही.

रविवारी दुपारी मंडळी आली. दारात बूट काढून, मोजे झटकून बसली. बाहेर बर्फ भुरभुरत होता. ऑरिनने गुप्तहेराची टोपी मुकाट्याने डोक्यावर चढवली आणि विचारलं, "बरं, मामांचा खून झाला तेव्हा कोण कुठे होतं?"

"मी स्वयंपाकघरात होते," मार्लिस म्हणाली.

"भाच्या, तुझा कोणावर संशय?"

गॉर्डी हा दांडगा गडी, पण तो खुर्चीत चुळबुळला. "आता असं कोणाचं नाव कसं घेणार? ज्याने केलं त्याची पण काही अडचण असेल बिचाऱ्याची."

"भाचेसूनबाई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला तर सगळेच चांगले वाटतात," डार्लीन म्हणाली. "अगदीच अडत असेल तर मी केला म्हणून लिही. मला चालेल."

"तू कशाला? मी केला," गॉर्डी म्हणाला.

"तसं असेल तर मीच करते बाई," मार्लिस म्हणाली. "माझ्या घरी येऊन पाहुण्यांवर आळ नको."

बघता बघता तिघांनी गुन्हा कबूल केला. खऱ्या खुन्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना. (माझ्या छातीवर बटणाच्या जागी दोरे लोंबत होते. मी मुद्दाम छाती पुढे काढून बसलो होतो. कोणी बघेल तर शपथ.) ऑरिन जरा विचार करून म्हणाला, "मामाही तसा फार चांगला माणूस नव्हताच ना? मग सोडून देऊ या का?"

"अरे, सोडून कसा देतोस? खून झालाय!" मी म्हटलं. "वडी घे, कॉफी घे, डोकं चालव."

वड्या भराभर संपल्या. ताटलीत एकच उरली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जन्माने इथला, इथेच वाढलो, आणि खेळ रचताना नेमकं हेच विसरलो होतो. आमच्याकडे ताटलीतला शेवटचा तुकडा कोणी खात नाही. बापजन्मात कोणी खाल्लेला नाही. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं.

"ऑरिन, घे की ती वडी," मी म्हटलं.

"नको रे, भरलं पोट."

"घे, घे. तुझ्यासाठीच आहे."

"डार्लीनला दे."

"मला नको बाई," डार्लीन म्हणाली. "पण आता इतका आग्रह करताय तर अर्धी घेते." तिने सुरीने अर्धी कापली. बटण होतं त्याच्या उलट्या बाजूची.

मग गॉर्डीने उरलेल्या अर्धीतली अर्धी घेतली. मार्लिसने त्यातली अर्धी. माझ्या आग्रहाखातर ऑरिनने नखाएवढा तुकडा कापला, तोही अलीकडचा. शेवटी बटणाच्या डोक्यावर तेवढीच चिमूटभर वडी उरली, आणि पाच माणसं तिच्याभोवती कॉफी पीत हवापाण्याच्या गप्पा मारू लागली. पुढच्या आठवड्यात थंडी वाढणार म्हणे. "तिकडे ॲरिझोनात या दिवसांत ऊन असतं," गॉर्डी सहज म्हणाला.

ॲरिझोनाचं नाव कानावर पडलं आणि माझं टाळकं सरकलं. मी हात पुढे केला, सगळ्यांच्या देखत तो शेवटचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. गॉर्डीने मान खाली घातली. मला वाटलं होतं, तुकडा उचलला की बटण ताटलीत उघडं पडेल. पण लिंबाची वडी चिकट. बटण तिच्याबरोबरच आत गेलं होतं.

मला जोराचा ठसका लागला. श्वास अडकला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ऑरिन उठला आणि त्याने माझ्या पाठीत असा रट्टा घातला की बटण उडून डार्लीनच्या कॉफीत पडलं. मी धापा टाकत होतो. ऑरिन माझ्या दंडाला धरून उभा होता. आणि मी बोलून गेलो.

"जाऊ नकोस रे तू ॲरिझोनाला. माझं काय होईल इथे?"

असं काही आमच्याकडे कोणी बोलत नाही. डार्लीन घाईघाईने कपात चमचा ढवळू लागली. (चमचा बटणावर वाजत होता.) ऑरिनने टोपी काढली.

"ॲरिझोनाला कोण चाललंय? मुलीला मी तेव्हाच नाही म्हणून कळवलं."

"आणि ती खोकी?"

"आयरीनचे कपडे आहेत. चर्चमध्ये द्यायचेत. उचलवत नाहीत अजून."

"मग मशिन मला का दिलंस?"

ऑरिनने मार्लिसकडे पाहिलं. मार्लिसने खिडकीकडे पाहिलं. शेवटी तोच म्हणाला, "तू निवृत्त झाल्यापासून घराबाहेरच पडेनास. दिवसभर आपला त्या खिडकीत. मार्लिसला काळजी लागली होती. म्हटलं, मशिन दिलं तर निदान बर्फ काढायला तरी बाहेर येशील. बाहेर आलास की दोन शब्द बोलता येतील. मलाही बोलायला कोण आहे?"

"आजसुद्धा आम्ही तुझ्यासाठीच आलो," गॉर्डी हळूच म्हणाला. "मार्लिस म्हणाली, लेलंडला कशात तरी रस वाटतोय, कृपा करून या. मला खरं म्हणजे असले खेळ झेपत नाहीत."

ज्याला वाचवायला निघालो होतो, तो मलाच वाचवायला आला होता, आणि त्याच्या जोडीला आणखी दोघे. डोळे भरून आले. ते ठसक्यामुळे, असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं.

"अरे, पण खुनी राहिलाच की," मी नाक पुसत म्हटलं. "ओळखा बघू आता."



"तूच," ऑरिन म्हणाला. "दार उघडलंस तेव्हाच कोटाला बटण नाही हे दिसलं."

"मलाही तेव्हाच कळलं," डार्लीन म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या घरी बसून, तुझ्या वड्या खाऊन, तुला खुनी कसं म्हणायचं रे?" गॉर्डी म्हणाला.

पुढच्या रविवारी खेळ ऑरिनकडे आहे. खेळाआधी आम्ही दोघे मिळून आयरीनची खोकी चर्चमध्ये पोचवणार आहोत. खेळात मला काम मिळालंय प्रेताचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोफ्यावर पडून राहायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही.

"काळजी करू नकोस," मार्लिस म्हणाली, "वर्षभर तालीम झालीये तुझी."