काझी सरांची सरळ रेघ

उन्हाळा लागला की काझी सर आमचा जिना आडवे उतरतात, खेकड्यासारखे. पाठ भिंतीला, पोटाशी लाकडी पेटी, आणि प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपून. घसरलो तर पाठीवर घसरू आणि पेटी पोटावर राहील, असा त्यांचा हिशेब. खाली माझ्या लॅबच्या बाकावर रक्त द्यायला आलेली माणसं उपाशीपोटी बसलेली असतात. सर त्यांना वरूनच बजावतात, "पाय घ्या. धक्का नको." माणसं पाय आखडून घेतात. एकदा एका म्हातारीने हात जोडले. तिला वाटलं, देवी चाललीय.

पेटी माझ्या आतल्या खोलीत येते, कारण आख्ख्या इमारतीत एसी तेवढाच. तो मी रक्त तपासायच्या मशीनसाठी लावलाय, माणसांसाठी नाही. सर पेटी कपाटात ठेवतात, कपाट ओढून बघतात आणि मला विचारतात, "कुलूप लागलं?"

"लागलं."

"तसल्ली कुणी केली?"

हे त्यांचं वाक्य; तसल्ली म्हणजे खातरजमा. दूध नासलं म्हणा, बस गेली म्हणा, अमुक गृहस्थ वारले म्हणा, सर विचारणार, "तसल्ली कुणी केली?" वारल्याच्या बाबतीत हे बरं दिसत नाही, असं मी त्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "अहो ताई, तिथंच तर जास्त लागते."

काझी सर उमरग्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. पत्नी गेल्या, मुलगा हैदराबादला नोकरीत. माझ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर ते एकटे राहतात, आणि पेटीत आहेत काचा. पाटीच्या आकाराच्या काचेवर फोटोच्या फिल्मसारखा, पण चांगला जाड थर. तरुणपणी ते विद्यापीठातल्या ज्या गटात होते, त्या गटाने या काचा परदेशातल्या एका प्रचंड यंत्रापुढे धरून आणल्या होत्या. त्या यंत्रात अणूचं केंद्रक भयंकर वेगाने पळवतात आणि दुसऱ्या केंद्रकावर आदळवतात. दोन्ही फुटतात, आणि फुटताना असे कण तयार होतात जे आधी दोघांतही नव्हते. कण कुणाला दिसत नाहीत, पण काचेवरच्या थरातून जाताना बारीक काळ्या ठिपक्यांची रेघ सोडून जातात. मायक्रोस्कोपखाली मधोमध एक ठिणगी आणि तिच्यातून चहूकडे फुटलेल्या रेघा दिसतात. सर त्याला 'तारा' म्हणतात. सावकाश गेलेल्या कणाची रेघ जाड, वेगवान कणाची पुसट. किती रेघा निघाल्या, कुठल्या जातीच्या, कुठल्या कोनात, हे मोजायचं. हल्ली तिकडे मोठमोठी यंत्रं हे आपोआप मोजतात. पण जुन्या काचांवर अजून न बघितलेली जागा शिल्लक आहे, आणि सर ती सोडत नाहीत.

त्यांनी हे मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी डबा खात होते. ऐकून घेतलं आणि मी म्हणाले, "म्हणजे तुम्हीपण काउंटच करता. मी रक्तातल्या पेशी मोजते, तुम्ही या रेघा."

सर दुखावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "तुम्ही भिंगावर तेल कुठलं वापरता?" त्या दिवसापासून आमचं जमलं.

शेजारी शिवमूर्तीचं टायरचं दुकान आहे. त्याचा या काचांवर वेगळाच संशय होता.

"ताई, सरच्या पेटीत ॲटम हाय म्हणतेत. खरं हाय का?"

"कोण म्हणतं?"

"समदेच म्हणायलेत. माझं डोस्कं बी लई दुखायलंय."

"उन्हानं दुखतंय. काचा आहेत त्या."

"पर आधी ॲटम व्हता ना त्यात?"

"तिकडं परदेशात होता, कैक वर्षांमागं. आता नुसत्या रेघा राहिल्यात."

शिवमूर्तीने विचार केला. "म्हंजी टायर गेलं, रस्त्यावर नक्षी राहिली."

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, बत्तीस वर्गांना शिकवलं, पण इतकं बरोबर एकालाही सांगता आलं नाही. मग खाली जाऊन त्यांनी शिवमूर्तीला चहा पाजला आणि जाता जाता हवेचा कंप्रेसर सकाळच्या वेळी बंद ठेवायला सांगितला. त्याच्या हादऱ्याने रेघा थरथरतात.

घाबरणं हा सरांचा स्थायी धंदा. पावसाळ्यात काचांवर बुरशी येईल, उन्हाळ्यात थर सुटेल, हायवेवरून ट्रक गेला की मायक्रोस्कोप हलेल, पाल पडेल, शिंक येईल. कोरोनात सगळ्यांना मास्कने गुदमरायला झालं. सर आधीपासूनच लावत होते, काचेवर श्वास पडू नये म्हणून. या सगळ्या भीतींवर आम्ही हसायचो, आणि आमच्या हसण्याची त्यांना मौज वाटायची. माणूस एखाद्या गोष्टीला मोठमोठ्याने भीत असला तर समजावं की बरं चाललंय.

यंदा ते गप्प झाले. मी तेव्हाच समजायला हवं होतं, पण उन्हाळा म्हणजे आमच्याकडे जुलाब, कावीळ, टायफॉइडचा मोसम; मला मान वर करायला सवड नसते.

एका दुपारी सर आले आणि म्हणाले, "ताई, दोन मिनिटं वर येता? एक रेघ बघायचीय."

वर गेले. खिडक्यांना काळं कापड, टेबलावर मायक्रोस्कोप, भिंगाखाली काच. मी बघितलं. एक तारा, आणि त्यातून उजवीकडे गेलेली पुसट, लांब रेघ.

"सरळ आहे का वाकडी?" सरांनी विचारलं.

"सरळ."

"नीट बघा."

"नीटच बघतेय. आखल्यासारखी आहे."

मला वाटलं ते तसल्लीचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. नुसतं "बरं" म्हणाले आणि खिडकीचं कापड सारखं करत बसले. मी जिना उतरले. त्यांनी मला का बघायला लावलं, याचा एक अंदाज मला आला होता. तो काय होता, हे मी त्या वेळी मनातही म्हटलं नाही.

दोन दिवसांनी ते कामाचं बोलायला आले. त्यांच्या जुन्या गटात एक मुलगी पीएच.डी. करतेय. कणांच्या कोनांचं तिचं जे प्रकरण आहे, त्यातल्या बऱ्याच काचा सरांनी मोजून दिल्यात. ती दर रविवारी फोन करते. अजून थोडं मोजून झालं की प्रबंध जाणार. "पण आमच्यात एक रीत आहे," सर म्हणाले. "एकच जागा दोघांनी बघायची. वेगवेगळी. एकमेकांना काही सांगायचं नाही. मग आकडे समोरासमोर ठेवायचे. पूर्वी आमच्या बेगम बघायच्या, दहावी पास, पण नजर अशी की काय सांगू. त्या गेल्यावर मी एकट्यानंच उरकत आलो. तुम्ही बघाल का?"

"मला त्यातलं काय कळतं?"

"कळायचं काही नाही. दिसलं पाहिजे."

मी हो म्हटलं. हे नीट सांगितलं पाहिजे की मी दयेने हो म्हटलं नाही. मला जाणून घ्यायचं होतं. माणसाचं काय बिघडलंय हे जाणून घेणं माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, आणि सरांचं काहीतरी बिघडलं होतं. त्यांचा डोळा बिघडला असेल तर नुसता डोळा जाणार नव्हता. त्या मुलीची कित्येक वर्षं पाण्यात जाणार होती.

लॅब बंद करून संध्याकाळी मी वर बसायची. रेघा मोजायच्या, भिंगातला काटा रेघेवर आणून कोन वाचायचा. सर दुसऱ्या खोलीत बसत, मी काय लिहिते ते बघायचीही त्यांना चोरी. मधूनच आवाज येई, "मधला झुपका घाईनं नका करू." वेगवान कण सगळे पुढच्या बाजूला दाटीने जातात, झाडूच्या काड्यांसारखे. तिथे एक रेघ दुसरीत मिसळते. मी हळूच करत होते. मला घाई नव्हती, उलट ते संपू नये असं वाटायला लागलं होतं, कारण संपल्यावर आकडे समोरासमोर ठेवावे लागणार होते.

एरवी मी वाईट बातमी पाकिटात घालून देते. वरती नाव लिहायचं, चिकटवायचं, "डॉक्टरांना दाखवा" म्हणायचं. मी कुणालाही तोंडाने काही सांगत नाही. इतकी वर्षं त्याच जोरावर मी शांत झोपतेय. त्या आठवड्यात मात्र मी घरी भाजी चिरताना एक डोळा मिटून खिडकीच्या गजांकडे बघायची, मग दुसरा मिटून. माझे गज सरळ होते. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची.

रविवारी दुपारी आम्ही आकडे ठेवले. मी वाचायची, सर वाचायचे. बाजूला लांब गेलेल्या रेघांत आमचं जुळत होतं. मधल्या झुपक्याशी आलं की माझा आकडा मोठा, त्यांचा लहान. कोन तर इकडचे तिकडे. पहिल्या ताऱ्याला सर म्हणाले, "तुम्ही नवीन आहात." पुढच्याला त्यांनी माझा आकडा पुन्हा वाचायला लावला. आणखी एक झाल्यावर मी वाचायची थांबले.

"सर, भिंगाला लावता त्या उजव्या डोळ्याला मधोमध दिसत नाही तुम्हाला."

बाहेर एक ट्रक गेला. मायक्रोस्कोप हलला असेल. सरांनी तिकडे बघितलं नाही.

"दिसतं," ते म्हणाले. "वाकडं दिसतं."

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर एका काचेवर त्यांना एक वेगवान रेघ मध्येच वाकलेली दिसली. असल्या रेघेने वाकायचं काही कारण नसतं. पुढच्या ताऱ्यातही वाकलेली. "ताई, खोटं कशाला सांगू, एक दिवस मी लई खूष होतो. वाटलं, आयुष्यभर कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं. चहा दोनदा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर दाराची चौकटपण वाकली होती."

मला हसू आलं, आणि त्यांनाही आलं. ते हसू फार टिकलं नाही.

"मग डॉक्टरकडं का नाही गेलात? सगळ्या जगाला तसल्ली विचारता."

"म्हणून तर," सर म्हणाले. "तिथं तसल्ली झाली असती."

"मुलाला कळवलं?"

"तो घाबरेल."

"आणि तुम्ही?"

त्यांनी तेल लागलेलं बोट रुमालाला पुसलं. मी उठले आणि सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. या गोष्टी लांबवून सुधारत नाहीत.

मंगळवारी एसटीने गेलो. डॉक्टरांनी सरांना चौकड्यांचा जाळीदार कागद दिला आणि डावा डोळा झाकायला लावला. "मधल्या चौकटी कशा दिसतात?"

"वितळल्यात," सर म्हणाले. जसं काही कुणा तिसऱ्याच्या डोळ्याबद्दल बोलत होते.

पुढच्या सगळ्या तपासण्या होईतो दुपार झाली. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मध्यावर सूज होती, खाली पाणी झिरपत होतं. डॉक्टर सरळ बोलणारे निघाले. गेलेलं किती परत येईल सांगता येत नाही, पण आहे ते राखायचं तर डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, आजच, आणि नंतरही पुन्हा पुन्हा. डावा डोळा आज बरा आहे. त्याचीही ग्वाही ते देत नाहीत.

"डोळ्यात म्हणजे, आत?" सरांनी विचारलं.

"आत. कळत नाही फारसं. बधिर करतो."

मी रोज माणसांना सुया टोचते. मोठमोठे पैलवान माझ्यासमोर खुर्चीत पांढरे पडलेत आणि मी त्यांना दटावलंय. त्या दिवशी सुई केवढी असते, हे विचारायचं मीच टाळलं. आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. आजूबाजूला डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं, त्यांच्या शेजारी त्यांची माणसं. नर्सने सरांच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून ठेवायला सांगितले.

सरांनी खिशातून मोबाइल काढला. दिसत नव्हतं, म्हणून माझ्याकडे दिला. "त्या मुलीला लावून द्या. आत जायच्या आधी."

"नंतर सांगितलं तर चालणार नाही?"

"नंतर माझी हिंमत होणार नाही."

मी लावून दिला. ते उठून दोन पावलं भिंतीकडे गेले, पण त्यांचा आवाज वर्गात शिकवणाऱ्या माणसाचा, बाकावर सगळं ऐकू येत होतं.

"बेटा, काझी बोलतोय. लिहून घे. दिवाळीनंतर मी पाठवलेले कोन सगळे टाकून दे. सगळे. आधीचे ठेव, ते दुसऱ्या डोळ्यांनी तपासलेले नाहीत पण डोळा तेव्हा बरा होता, तरी त्यातले थोडे तू स्वतः पुन्हा बघ... नाही, तुझं काही चुकलं नाही. काचेचंपण नाही. माझा डोळा गेलाय... हो. मला आधी कळलं होतं. मी सांगितलं नाही. तू गाईडला सांग, काझी सरांनी सांगितलं नाही. माझं नाव घेऊन सांग... प्रबंध लांबेल तुझा. माहीत आहे मला."

मग फोन कानाशी धरून ते ऐकत राहिले. तिकडून ती बोलत असावी. मला वाटलं, चिडली असणार, आणि तिचा हक्कच होता. सरांनी एकदा मान हलवली, फोनवर दिसत नसतं हे विसरून.

ते परत येऊन बाकावर बसले. फोन माझ्या हातात दिला.

"काय म्हणाली?"

"मी कोनांचं सांगत होतो," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, मोजणी चुकल्यावर होतो तसा. "ते तिनं ऐकूनच घेतलं नाही धड. म्हणाली, सर, दुखतंय का? सोबत कोण आहे?"

"मग?"

"सोबत ताई आहेत म्हटलं. आणि म्हटलं, बेटा, दुखत नाही. भीती वाटते."

आत त्यांचं नाव पुकारलं. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि उभे राहिले. दार कुठल्या बाजूला आहे, असं त्यांनी विचारलं. मी उठून त्यांच्या कोपराला धरलं.