बापाची उंची

सतरा वर्षांच्या मुलाची उंची एकशे बहात्तर सेंटिमीटर असणं हा गुन्हा नाही. तसं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, आणि टाट्रा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात तर एवढ्याच उंचीची बरीच सभ्य माणसं राहतात. पोस्टमास्तर आहेत, पाद्रीबाबा आहेत. फक्त समुद्रापलीकडच्या एका आइस हॉकी क्लबाच्या मूल्यमापन अर्जात रकाना क्रमांक नऊमध्ये ही उंची भरली की तो रकाना लाल होतो, आणि तो लाल झाला की पुढचे एकशे पाच रकाने उघडतच नाहीत.

व्हेंडेलिन ह्रुश्का हा त्या क्लबाचा स्लोव्हाकियातला पारखी. दर जूनमध्ये पलीकडचे सगळे क्लब एका सभागृहात जमतात आणि जगभरातली सतरा-अठरा वर्षांची मुलं पाळीपाळीने उचलतात. याला ड्राफ्ट म्हणतात. कुठलं मूल उचलावं हे सांगायला प्रत्येक क्लबाने देशोदेशी पारखी ठेवलेले असतात. व्हेंडेलिनने एकतीस हिवाळे गारठलेल्या स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या ओळीत, मांडीवर घोंगडी आणि हातात रम घातलेला चहा घेऊन काढले होते. त्याचा अहवाल पूर्वी पोस्टकार्डावर मावत असे. ‘घ्या.’ ‘घेऊ नका.’ एकदा तर त्याने ‘आई उत्तम आहे, मुलगा नको’ एवढंच कळवलं होतं, आणि क्लबाने ते ऐकलं होतं.

मग क्लबात नवे लोक आले. माणसाच्या डोळ्यांना वयानुसार चष्मा लागतो, अर्जाला लागत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांनी एकशे चौदा रकान्यांचा अर्ज काढला. हात पसरल्यावर होणारी लांबी, तळपायाची कमान, झोपेचे तास, न्याहारीतल्या अंड्यांची संख्या. व्हेंडेलिनने कुरकुर केली, पण भरला. नोकरी म्हटली की माणूस काय काय भरतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याने कॉर्नेल मिहोक या मुलाला पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच्या हातातला चहा गार झाला. एकतीस वर्षांत असा चहा तिसऱ्यांदा गार होत होता. आधीच्या दोन्ही वेळची मुलं पुढे पलीकडे पंधरा-पंधरा वर्षं टिकली होती. व्हेंडेलिन त्यानंतर आणखी दहा सामने पाहायला गेला, दहाही वेळा त्याने गारच चहा प्यायला, आणि मग घरी येऊन अर्ज उघडला. नववा रकाना लाल झाला.

यादी मार्चअखेर बंद व्हायची होती. कॉर्नेलचं नाव तीत गेलं नाही, तर सप्टेंबरपासून त्याची जागा ठरलेली होती: बापाशेजारी, लाकडाच्या वखारीत, दुसऱ्या करवतीवर. व्हेंडेलिनला रात्री झोप येईना. त्याने कार्यालयाला फोन केला. कार्यालय अतिशय सौजन्याने बोललं. परिशिष्ट चारनुसार खेळाडूची चालू उंची कमी असल्यास आईबापांच्या उंचीवरून ‘संभाव्य उंची’ काढता येते, असं त्याला सांगण्यात आलं. आई झेल्मिरा एकशे अडुसष्ट होती. बाप इम्रिख एकशे पासष्ट होता. व्हेंडेलिनने दोन्ही आकडे भरले, तेव्हा तो रकाना आणखी गडद लाल झाला.

आयुष्यात पहिल्यांदा व्हेंडेलिनने अहवालात खोटं लिहिलं. बापाची उंची त्याने एकशे पंच्याहत्तर केली. रकाना पिवळा झाला आणि त्याखाली एक ओळ उमटली: ‘पिता प्रत्यक्ष पडताळणीस पात्र.’

पडताळणीसाठी ब्र्नोहून इंजिनिअर झाप्लेताल येणार होते. हे क्लबाचे युरोपातले मोजणीप्रमुख. त्यांच्याकडे चामडी पिशवीत घडी होणारी मोजपट्टी असे आणि ती ते विमानातही मांडीवरच ठेवत.

व्हेंडेलिन मिहोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि त्याने सगळं सांगितलं. गावच्या चांभाराने इम्रिखच्या बुटांत दहा सेंटिमीटर बूच बसवून दिलं.

“दहा? अरे ह्रुश्का, मी लग्नात पण एवढा उंच नव्हतो,” इम्रिख म्हणाला.

“लग्नात कुणी मोजलं नव्हतं.”

“मोजलं नव्हतं कसं? हिच्या आईने मोजलं होतं. अजून बोलून दाखवते.”

तीन दिवस इम्रिखने चुलीपासून दारापर्यंत चालण्याचा सराव केला. एकदा तो आंबवलेल्या कोबीच्या पिंपात जाता जाता वाचला. झेल्मिराने एकच शंका काढली: घरात शिरताना बूट काढायचे असतात. त्यावरही तोड निघाली. पाहुणा आला की तिने दारातच म्हणायचं, “राहू द्या, बूट काढू नका.” म्हणजे साहेबही बुटात आणि नवराही बुटात. योजनेत कुठेच फट नव्हती.

रविवारी दुपारी इंजिनिअरसाहेब दारात उभे राहिले.

“या, या, इंजिनिअरसाहेब! राहू द्या, बूट काढू नका,” झेल्मिरा म्हणाली.

“छे, छे, काढतो की.”

“अहो खरंच नको. फरशी कुठे एवढी स्वच्छ आहे?”

“असं कसं, असं कसं,” म्हणत साहेबांनी एक बूट काढलासुद्धा.

आता या देशात ‘बूट काढू नका’ हे वाक्य प्रत्येक घरात प्रत्येक पाहुण्याला म्हटलं जातं, आणि ते खरं मानणारा पाहुणा अजून जन्माला यायचा आहे. हे झेल्मिराला ठाऊक होतं. ते तिला आत्ता आठवलं. “नको म्हणतेय ना!” ती जवळजवळ ओरडली. तेवढं अगत्य पाहून साहेब गहिवरले आणि त्यांनी दुसराही बूट काढला. पाहुणा मोज्यांवर उभा आणि यजमान बुटात, हे इम्रिखच्या चाळीस वर्षांच्या सवयीत बसेना. त्याने हसत हसत वाकून आपलेही बूट काढले, ते नीट जोडीने भिंतीला लावले, स्लिपर घातल्या आणि हात पुढे केला.

साहेबांची नजर दहा सेंटिमीटर खाली आली.

साहेबांनी पिशवी उघडली, पट्टी उलगडली, इम्रिखला भिंतीशी उभं केलं आणि आकडा लिहिला. मग पेनाचं टोपण लावत ते अत्यंत विनयाने म्हणाले, “मिहोकबाई, गैरसमज करून घेऊ नका. अर्जात ‘जैविक पिता’ असं आहे. कायदेशीर पित्याशी आमचं काही कर्तव्य नाही. आणखी कोणी आहेत का?”

व्हेंडेलिनने डोळे मिटले. आता झेल्मिराच्या हातातला लाकडी डाव कुठे पडतो, एवढंच ऐकायचं बाकी होतं. त्याच क्षणी दार उघडलं, आणि शेजारचा वनरक्षक गाश्पर बिलिक रविवारच्या रिवाजाप्रमाणे आलूबुखारच्या दारूची बाटली घेऊन, चौकटीखाली मान वाकवून आत आला. सरळ झाला तेव्हा त्याचं डोकं दिव्याला लागलं.

साहेबांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“हे कोण?”

इम्रिखने आधी बायकोकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॉर्नेलच्या फोटोकडे. फोटोत कॉर्नेल सहा वर्षांचा होता आणि त्याच्या अंगातली जर्सी गुडघ्याखाली गेली होती.

“हाच,” इम्रिख म्हणाला. “हाच बाप.”

“इम्रिख!” झेल्मिरा म्हणाली. “शुद्धीवर आहेस का?”

“गप्प बस. अठरा वर्षं तू बोललीस, आज मी बोलतो.” आणि हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं, “पोरगं यादीत जाईल, झेल्मिरा.”

झेल्मिराने डाव खाली ठेवला. ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. मग ताठ मानेने साहेबांना म्हणाली, “हो. झालं ते झालं.”

“साधारण कधी?”

“अर्जात तसा रकाना आहे का?”

साहेबांनी अर्ज चाळला. “नाही.”

“मग जेवायला बसा.”

“मला कोणी काही विचारणार आहे का?” गाश्परने विचारलं.

“तुम्ही फक्त सरळ उभे राहा,” साहेब म्हणाले.

एकशे अठ्ठ्याण्णव. रकाना हिरवा झाला. पाठोपाठ एकशे पाच रकाने फटाफट उघडले. व्हेंडेलिनला आनंद व्हायला हवा होता, पण तो ताटातल्या हालुश्कींकडे, बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांकडे, बघत बसला. समोर इम्रिख मान खाली घालून चीज कालवत होता, आणि व्हेंडेलिनला स्वतःची एवढी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

इथे कोणीही थांबलं असतं. पण झाप्लेताल हे कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. परिशिष्ट चारच्या कलम तीनप्रमाणे, पित्याला अन्य अपत्यं असल्यास त्यांचीही पडताळणी करायची असते, म्हणजे बापाची उंची मुलांत खरोखर उतरते की नाही ते कळतं. गाश्परला राडोवान नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याला शेजारून बोलावण्यात आलं. तोही मान वाकवून आत आला, बापापेक्षा थोडी जास्तच. दोनशे एक.

साहेबांनी पट्टी पुन्हा लावून पाहिली.

“खेळतोस का रे?”

“अकॉर्डियन वाजवतो.”

“हॉकी, हॉकी.”

“नाही.”

“स्केटिंग?”

“लहानपणी एकदा केलं होतं. दात पडला.”

साहेबांनी लिहून घेतलं: ‘धडकेला घाबरत नाही. दोन्ही हातांची बोटं स्वतंत्र चालतात.’

“इंजिनिअरसाहेब,” व्हेंडेलिन उठून उभा राहिला, “अहो, हा मुलगा बर्फावर उभा राहू शकत नाही!”

“ह्रुश्का, तुम्ही जुने माणूस,” साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “उभं राहणं शिकवता येतं. उंची शिकवता येते का? सांगा, येते का?”

“पण कॉर्नेल?”

“त्याचंही नाव आहेच. पण एका बापाची दोन मुलं यादीत घेता येत नाहीत. सगळी जोखीम एकाच झाडावर टांगल्यासारखी होते.”

त्या संध्याकाळी बातमी कुंपण ओलांडून गाश्परच्या घरी पोचली. त्याच्या बायकोने त्याची बंदूक, टोपी आणि दोन पेट्या अंगणात आणून ठेवल्या. गाश्परने खरं काय ते शपथेवर सांगितलं. तिने उलट विचारलं की मग क्लबाच्या शिक्क्याच्या कागदावर तसं कसं लिहिलंय? तो वखारीमागच्या खोपट्यात राहायला गेला. पुढच्या आठवड्यात कार्यालयातून अंतिम यादी आली. तीत राडोवान बिलिकचं नाव होतं. कॉर्नेलचं नाव शेऱ्यात होतं: ‘उमेदवाराचा सावत्र भाऊ. उंची एकशे बहात्तर. घरचं वातावरण अस्थिर.’

व्हेंडेलिनने कार्यालयाला सात पत्रं लिहिली. शेवटच्यात त्याने नुसतं ‘घ्या’ असं लिहिलं, पूर्वीसारखं. उत्तर आलं की या नमुन्यातला मजकूर प्रणाली वाचू शकत नाही.

जूनमध्ये राडोवान चौथ्या फेरीत उचलला गेला. चावडीसमोर बँड लागला. त्यात अकॉर्डियन नव्हतं, कारण वाजवणारा मंचावर उभा होता आणि पत्रकारांना आपल्या खेळातल्या उणिवांबद्दल अतिशय प्रामाणिकपणे सांगत होता. पत्रकारांना त्याची नम्रता फार आवडली.

दुसऱ्या दिवशी व्हेंडेलिन मिहोकांकडे गेला. बूट काढून आत बसला. झेल्मिराने चहा ठेवला आणि पाठ वळवून उभी राहिली. इम्रिखने विचारलं, “ह्रुश्का, तो रकाना आता बदलता येईल का रे? बापाचा? यादी तर बंद झालीच आहे. मग माझं नाव परत घाला ना त्यात.”

“बंद झालेला अर्ज उघडत नाही, इम्रिख.”

“असं,” इम्रिख म्हणाला, आणि वखारीत निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघवत नव्हतं.

कॉर्नेल खिडकीशी बसला होता.

“ह्रुश्काकाका, एक विचारू?”

“विचार बाळा.”

“तुम्ही माझे अकरा सामने पाहिलेत. माझी उंची लिहिलीत, आईची लिहिलीत, बाबांची, गाश्परकाकांची, राडोची. मी अंडी किती खातो तेही लिहिलंत. पण मी खेळतो कसा, हे मला कोणीच सांगितलं नाही.”

व्हेंडेलिनने पिशवीतून अर्जाची प्रत काढली. पहिल्या रकान्यापासून एकशे चौदाव्यापर्यंत बोट फिरवलं. चष्मा पुसून पुन्हा एकदा फिरवलं. मग अर्ज उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्या मुलाला पहिल्या सामन्यापासून अकराव्यापर्यंत, एकेक मिनिट, हातवारे करत सांगू लागला. झेल्मिरा चुलीशी उभी राहून ऐकत राहिली. दोन तास लागले, आणि पोराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उजळलं.

त्याने काय सांगितलं, ते इथे देण्याचं कारण दिसत नाही. आपण इथवर वाचत आलात. कॉर्नेलची उंची आपल्याला सेंटिमीटरसकट पाठ आहे, त्याच्या बापाचीही, आणि जो बाप नव्हे त्याचीही. तो गोल अडवतो की गोल करतो, हे मी एका ओळीतही लिहिलेलं नाही, आणि आपलं तेवढ्यावाचून काही अडलंही नाही.