गोयोबाबाचा फोटो आणि कासिल्दाबाईच्या चादरी

जगात सगळ्यात सोपा फोटो डोंगराचा. डोंगर हलत नाही, डोळे मिटत नाही, "पोट दिसतंय, परत काढा" म्हणत नाही. मुलीने, आरासेलीने, फोनवर विचारलं, "बाबा, जमेल ना?" तेव्हा मी हसलो. म्हटलं, कॉफी गॅसवर ठेवून गच्चीत जातो आणि ती उतू जायच्या आत खाली येतो.

कॉफीचा कोळसा झाला. ते पुढे येईलच.

आमच्या पुएब्ला शहरातून ज्वालामुखी दिसतो. त्याचं कागदोपत्री नाव पोपोकातेपेत्ल, पण आम्ही त्याला गोयोबाबा म्हणतो. रोज धूर सोडणाऱ्या शेजाऱ्याशी मानाने वागलेलं बरं! माझी बायको ओतिलिया गच्चीतल्या दगडावर कपडे धुताना रोज त्याला विचारायची, "उठलात का?" उन्हाळ्यात ती गेली.

आज मृतांचा सण. वारलेली माणसं आज दुपारी घरी येतात. घरातल्या वेदीवर तिचा फोटो मांडला होता, झेंडूची फुलं होती, पाणी होतं. आरासेली शिकागोला असते, तिला येता आलं नाही. ती म्हणाली, "आईसाठी तिचा डोंगरही ठेवा. धुण्याच्या दगडापाशी उभे राहून काढा, तिला दिसायचा तसा." ओतिलियासाठी करण्यासारखं आता मला फारसं उरलेलं नाही. हे एक तरी नीट करायचं होतं.

आठवडाभर ढग होते. आज मात्र आकाश घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख. गोयोबाबा पार खांद्यापर्यंत बर्फाने पांढरा, धुराची रेघसुद्धा नाही. आणि त्याच्या नि माझ्या मध्ये, शेजारच्या गच्चीवर, कासिल्दाबाईच्या चादरी. फोन चालतो का बघायला मी एक फोटो काढला. चादरींचा आला.

थंडी होती म्हणून मी ओतिलियाची शाल नाकातोंडावरून गुंडाळली होती. तसाच कठड्यावरून वाकून म्हणालो, "कासिल्दाबाई, कपडे काढून घ्या. लवकर. मग वेळ राहणार नाही."

मला म्हणायचं होतं, ढग येतील. पण आमच्या शहरात हे वाक्य माणूस एकाच वेळी बोलतो, डोंगराची राख पडायला लागली की! कासिल्दाबाईने डोंगराकडे बघितलंही नाही. राखेच्या दिवसासारखं तोंड बांधलेला म्हातारा तिला पुरेसा होता.

चादरी गेल्या. मी फोन उचलला. तेवढ्यात तिची आरोळी ऐकून पलीकडच्या गच्चीत टॉर्टिया भाजून विकणारा नाबोर उगवला. पाण्याच्या टाकीत राख जाऊ नये म्हणून त्याने निळी ताडपत्री आणली. वरचा मजला बांधायचा म्हणून वर्षानुवर्षं उभ्या ठेवलेल्या लोखंडी गजांना ती बांधली. भिंतच झाली.

"नाबोर, ते खाली घे रे. मला डोंगर दिसत नाही."

"दिसत नाही?" तो गल्लीकडे तोंड करून ओरडला, "आता डोंगरही दिसेना म्हणे!"

मग गल्लीतल्या सगळ्या बायका केरसुण्या घेऊन गच्च्यांवर आल्या. राख पडण्याआधी गच्ची झाडावी लागते, नाहीतर पन्हळींत राखेचं सिमेंट होतं. वर्षभराची धूळ एकदम उडाली. त्या धुळीकडे बोट दाखवून त्या एकमेकींना सांगू लागल्या की बघा, आली राख. खाली नाबोरच्या दुकानापुढे रांग लागली.

मी दगडावर चढून सांगितलं की राख नाही, काही नाही, मी फोटो काढतोय. त्यांचं ठरलं की बिचारा धीर देतोय, बायको गेल्यापासून याला स्वतःच्या जिवाचं काही वाटत नाही. कासिल्दाबाई येऊन मला हाताला धरून जिना उतरवू लागली. अर्ध्यावर थांबली.

"बघा, जळका वास घरात शिरला."

मी तिला स्वयंपाकघरात नेऊन कॉफीचं भांडं दाखवलं. तिने भांडं बघितलं, शाल बघितली, हातातला फोन बघितला.

"ओतिलियाच्या वेदीसाठी फोटो हवा होता," मी म्हणालो.

ती खुर्चीत बसली. "अहो लिबोरियो, मग सरळ सांगायचं की."

मग तिनेच गच्चीवरून सगळ्यांना दटावलं. ताडपत्री उतरली, धूळ बसली. पण तोवर गोयोबाबा ढगांत शिरला होता. त्यानंतर काही तो बाहेर आला नाही.

उरला तो पहिला फोटो. सगळ्या चादरीच, आणि दोरीच्या वर बर्फाचं एवढंसं टोक. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला, वेदीवर ठेवला आणि आरासेलीला पाठवला. तिचा फोन आला.

"बाबा, आई याच चादरींना रोज शिव्या घालायची," ती म्हणाली. "तिला असाच दिसायचा."

दुपारी कासिल्दाबाई सणाचा पाव आणि मेणबत्ती घेऊन आली. फोटोला नाक लावून तिने बघितलं.

"ही कडेची उसवलेली आहे. उसवलेली चादर तिच्यापुढे ठेवलीत? उद्या सकाळी नवीन वाळत घालते. परत काढा."

ओतिलिया असती तर तिने हिला असं उत्तर दिलं असतं की ते संध्याकाळपर्यंत पुरलं असतं. मी दोघींच्या मध्ये उभा होतो. म्हटलं, बरं.